शेजारी नको! ‘लागून बसू नये’ या अटीची बैठकीची गणितं

कोनमापक (धागाकर्ता)

गणित असं आहे: ७ मुलगे आणि ५ मुली एका रांगेत बसणार आहेत. कोणत्याही दोन मुली लागून बसता कामा नयेत. किती प्रकारे बसतील?

माझी रीत: एकूण प्रकार १२! (फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १२ या आकड्यांचा गुणाकार) = ४७,९०,०१,६००. पाचही मुलींची एक मोळी बांधली की ७ मुलगे आणि १ मोळी, म्हणजे ८!, आणि मोळीच्या आत ५!. गुणाकार ४८,३८,४००. एकूणातून हे वजा केलं, उत्तर ४७,४१,६३,२००.

पुस्तकातलं उत्तर ३,३८,६८,८०० आहे. माझं उत्तर त्याच्या बरोबर चौदा पट येतंय. वजाबाकी दोनदा तपासली. चूक नेमकी कुठे आहे? आणि अशा गणितांत कुठे वजा करायचं, कुठे फटीत बसवायचं, हे ओळखायची काही खूण आहे का?

---

शून्यलब्धी

वजाबाकी बरोबर आहे, वाक्याचा उलटा अर्थ चुकलाय. ‘कोणत्याही दोन मुली लागून नाहीत’ याच्या उलट ‘पाचही मुली एकत्र आहेत’ असं होत नाही. त्याच्या उलट होतं ‘निदान दोन मुली तरी लागून आहेत’. तुम्ही फक्त पाचही एकत्र असलेले प्रकार काढून टाकलेत. दोन-दोन, तीन-तीन, चारजणी लागून बसलेले सगळे प्रकार आतच राहिले, म्हणून आकडा फुगला.

फटीची रीत: आधी मुलगे बसवा, ७! = ५०४०. सात मुलग्यांमुळे आठ फटी तयार होतात, सहा मधल्या आणि दोन टोकाच्या. एका फटीत जास्तीत जास्त एक मुलगी. पहिलीला ८ फटी, दुसरीला ७, मग ६, ५, ४. गुणाकार ६७२०. आणि ५०४० × ६७२० = ३,३८,६८,८००.

परीक्षेतल्या पर्यायांत तुमचा ४७ कोटीवाला आकडा बहुतेक वेळा ठेवलेला असतो. पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

---

वेलांटी

इथे भाषेचाही घोळ आहे. ‘मुली एकत्र बसणार नाहीत’ या मराठी वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात. ‘सर्व मुली एकत्र नसाव्यात’ असं असेल तर कोनमापक यांचंच उत्तर बरोबर. ‘कोणत्याही दोन’ हे शब्द आले की फटी. गणित सोडवण्याआधी ‘सर्व’ आणि ‘कोणत्याही दोन’ या शब्दांखाली रेघ मारायची सवय लावून घ्या.

तसाच दुसरा शब्द ‘मध्ये’. ‘अ हा ब आणि क यांच्या मध्ये बसतो’ म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटून, की रांगेत कुठेतरी दोघांच्या दरम्यान? सात माणसांच्या रांगेत पहिल्या अर्थाने २ × ५! = २४० प्रकार, दुसऱ्या अर्थाने ७!/३ = १६८०. (तिघांपैकी मधला कोण, याला तीन सारख्याच शक्यता, म्हणून तीनने भाग.) सात पट फरक, तोही एका शब्दामुळे.

---

कोनमापक

आलं लक्षात. पण मग वजाबाकीची रीत अशा गणितात चालतच नाही का? ‘निदान दोघी लागून’ हे मोजून वजा केलं तर? लहान गणित घेतो: ४ मुलगे, ३ मुली. तीन जोड्या शक्य. एका जोडीची मोळी बांधली की ६! × २ = १४४०. तीन जोड्यांचे ४३२०. ५०४० − ४३२० = ७२०. फटीने मात्र ४! × ५ × ४ × ३ = १४४० येतंय. परत चुकलं.

---

शून्यलब्धी

उदाहरण छान निवडलंत, यात सगळं उघडं दिसतं. ५०४० प्रकारांची नीट फोड करू:

एकही जोडी लागून नाही: १४४०
नेमक्या दोघी लागून, तिसरी वेगळी: २८८०
तिघीही एकत्र: ५! × ३! = ७२०

(मधला आकडा असा: मुलगे ४!, मोळीसाठी दोघी क्रमाने निवडायचे ६ प्रकार, मोळीला ५ फटी, तिसरीला उरलेल्या ४. २४ × ६ × २० = २८८०.) बेरीज ५०४०, म्हणजे काही सुटलेलं नाही.

आता तुमचे ४३२० बघा. नेमक्या दोघी लागून असलेली रांग तुम्ही एकदाच मोजलीत. पण तिघी एकत्र असल्या, समजा प-फ-भ अशा, तर ती रांग प-फ जोडीतही आली आणि फ-भ जोडीतही आली. म्हणजे दोनदा. २८८० + २ × ७२० = ४३२०. एकदा जास्त वजा झालेले ७२० परत मिळवा: ५०४० − ४३२० + ७२० = १४४०.

वजा करा, जास्त गेलेलं परत मिळवा, पुन्हा जास्त मिळालेलं वजा करा. समावेश-वगळ म्हणतात ती हीच रीत. ती इथेही चालते, पण सगळ्या मुली एकमेकींना वर्ज्य आणि बाकीच्यांना काहीच बंदी नाही अशी परिस्थिती असेल तर फटीची रीत दोन ओळींत संपते. मग उगाच लांबचा रस्ता कशाला.

---

पाटीपेन्सिल

धागाकर्त्यांनी खूण विचारली होती. कागदावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका काढा. ज्या दोघांनी लागून बसायचं नाही त्यांच्यात रेघ मारा. रीत कुठली लावायची ते या चित्राकडे बघून ठरतं:

• एका गटातल्या सगळ्यांच्या सगळ्यांशी रेघा, बाकी ठिपके मोकळे: फटीची रीत.

• सुट्या सुट्या रेघा, एका ठिपक्यावर एकच रेघ (नवरा-बायकोच्या जोड्या): समावेश-वगळ.

• एकाच माणसापासून निघणाऱ्या रेघा, चांदणीसारख्या (अ चं ब शी पटत नाही, क शीही नाही; ब-क चं आपसांत ठीक): अ ला आधी बसवा.

• साखळी (हजेरी क्रमांक १ च्या शेजारी २ नको, २ च्या शेजारी ३ नको…): समावेश-वगळच, पण मोळ्यांचे आकार सांभाळून.

चांदणीचं उदाहरण. सात माणसं, अ च्या शेजारी ब नको आणि क ही नको. अ टोकाला बसला तर: २ टोकं, शेजारी ड-ई-फ-ग पैकी कुणीही, म्हणजे ४, उरलेले ५!. २ × ४ × १२० = ९६०. अ आतल्या पाचांपैकी एका जागी बसला तर: दोन्ही शेजारी त्या चौघांतले, ४ × ३, उरलेले ४!. ५ × १२ × २४ = १४४०. एकूण २४००.

पडताळा दुसऱ्या वाटेने: ५०४० − १४४० − १४४० + २४० = २४००. शेवटचे २४० म्हणजे अ च्या एका बाजूला ब आणि दुसऱ्या बाजूला क. इथे हमखास पाय घसरतो. दोन मोळ्या समजून २ × २ × ५! = ४८० लिहिलं जातं. पण अ दोन्ही रेघांवर आहे, त्यामुळे मोळी एकच, तिघांची, आणि तिच्यात अ मधेच असणार. मग आतले प्रकार फक्त २: ब-अ-क आणि क-अ-ब.

दोन रेघा सुट्या असत्या (अ-ब आणि क-ड), तर मात्र ४८० बरोबर. उदाहरणार्थ ‘अ-ब लागून हवेत, क-ड लागून नकोत’: १४४० − ४८० = ९६०.

---

तिफण

पाटीपेन्सिल यांची ठिपके-रेघा पद्धत आवडली, वाचनखूण साठवली आहे. गोल टेबलाचं कुणी सांगेल का? तिथे फटी ८ धरायच्या की ७?

---

शून्यलब्धी

७. गोलात टोकं नसतात, त्यामुळे जितकी माणसं तितक्याच फटी. तेच ७ मुलगे-५ मुली गोल टेबलाभोवती बसवायचे तर मुलगे ६! = ७२० प्रकारे, मग मुली ७ × ६ × ५ × ४ × ३ = २५२० प्रकारे. १८,१४,४००. बंदी नसती तर ११! = ३,९९,१६,८००. म्हणजे बावीसात एक. रांगेत हेच प्रमाण ९९ मध्ये ७ येतं. गोलात अट जास्त जाचक होते, कारण टोकाच्या सुरक्षित जागा जातात.

दोन सूचना. खुर्च्यांवर क्रमांक असतील तर फिरवलेल्या बैठकी वेगळ्या धरायच्या: १२ ने गुणा, २,१७,७२,८००. आणि मुली एकदा बसवल्यावर पुन्हा ‘गोल आहे’ म्हणून ५! ऐवजी ४! करू नका. गोलाची सूट एकदाच मिळते, पहिला गट बसवताना. मुलगे बसले की प्रत्येक फट वेगळी ओळखता येते.

---

वेलांटी

अवांतर: माळेतल्या मण्यांचं गणित बघून टेबलालाही २ ने भागणारे बरेच दिसतात. माळ पालथी घालता येते, माणसांसकट टेबल पालथं घालता येत नाही. ‘प्रत्येकाचे दोन शेजारी तेच असतील तर बैठक तीच धरा’ असं गणितात स्पष्ट लिहिलं असेल तरच २ ने भाग.

---

आडवातिडवा

जोडप्यांचं गणित कुणी पूर्ण केलं नाही, म्हणून लिहितो. ३ जोडपी, एक रांग, कुठलंही जोडपं लागून नको.

६! = ७२०
एक जोडपं मोळीत: ३ × २ × ५! = ७२०
दोन जोडपी मोळीत: ३ × ४ × ४! = २८८
तिन्ही मोळीत: ८ × ३! = ४८

७२० − ७२० + २८८ − ४८ = २४०.

दुसऱ्या पायरीला शून्य आलं म्हणून घाबरून थांबू नका. अधल्यामधल्या बेरजा खऱ्या उत्तराच्या आलटून पालटून वर-खाली राहतात: ७२० वर, ० खाली, २८८ वर, आणि शेवटी २४०. तुमच्या आकड्यांत हा झोका दिसला नाही, तर कुठेतरी चिन्ह किंवा निवडीचा आकडा चुकलाय. हा पडताळा फुकटचा आहे, वापरा.

गोल टेबलाला प्रत्येक ओळीतलं फॅक्टोरियल एकाने कमी: १२० − १४४ + ७२ − १६ = ३२. चार जोडप्यांना रांगेत १३,८२४ आणि गोलात १४८८.

फटीची रीत इथे का लागत नाही? तिन्ही नवरे आधी बसवले तर बायकांनी एकमेकींपासून दूर बसायची गरजच नाही. प्रत्येकीला फक्त एकाच माणसाची शेजारची जागा वर्ज्य आहे, आणि एका फटीत दोघी-तिघीही बसू शकतात. पोटप्रकार करत बसावं लागतं.

आणखी एक गंमत: गणिताची २, इतिहासाची २, भूगोलाची २ अशी सहा वेगवेगळी पुस्तकं फळीवर लावायची, एका विषयाची दोन लागून नकोत. तेच गणित, तेच २४०. एका विषयाच्या दोन्ही प्रती सारख्याच असतील तर २ × २ × २ ने भागून ३०.

---

बाकावरून

जोडप्यांच्या गणिताची मोठी बहीण म्हणजे मेनाजचं (फ्रेंच शब्द, इथे ‘जोडपं’ या अर्थी) गणित. गोल टेबल, बायका-पुरुष एकाआड एक, आणि तरीही कुणी आपल्या जोडीदाराशेजारी नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८९१ साली ते मांडलं (हनोईच्या मनोऱ्याचं कोडं यांचंच). १९३४ मध्ये झाक तुशार यांनी सूत्र दिलं, सिद्धता मात्र दिली नाही. ती १९४३ मध्ये अर्व्हिंग काप्लान्स्की यांनी दिली. त्यांचा मार्ग असा होता: आधी सगळ्या बायका बसवा, मग पुरुषांना उरलेल्या जागा. ‘लेडीज फर्स्ट’मुळे गणित उलट किचकट झालं होतं. १९८६ मध्ये केनेथ बोगार्ट आणि पीटर डॉयल यांनी दाखवलं की आधी कुणालाच बसवायचं नाही, आधी जोडप्यांच्या जोड-जागा ठरवायच्या, मग काम सोपं होतं.

तीन जोडप्यांवर करून दाखवतो. सहा क्रमांकित खुर्च्या गोलात. लागून असलेल्या दोन खुर्च्या म्हणजे एक जोड-जागा. एकमेकींवर न येणाऱ्या जोड-जागा:

एक निवडायची: ६ प्रकार
दोन निवडायच्या: ६ × ३ / २ = ९ प्रकार
तीन निवडायच्या: २ प्रकार

आता ठरावीक जोडपी त्या जागांवर बसवा. सम खुर्च्या बायकांच्या की विषम, याचे २ प्रकार सगळीकडे.

कुणाचीच सक्ती नाही: २ × ३! × ३! = ७२
एक जोडपं लागून: ३ × २ × ६ × २! × २! = १४४
दोन जोडपी लागून: ३ × २ × ९ × २! = १०८
तिन्ही लागून: २ × २ × ३! = २४

७२ − १४४ + १०८ − २४ = १२.

म्हणजे क्रमांकित खुर्च्यांवर १२, आणि फिरवलेल्या बैठकी एकच धरल्या तर १२ / ६ = २. चार जोडप्यांना ९६, पाचांना ३१२०. हे आकडे क्रमांकित खुर्च्यांचे आहेत. पुस्तकात १, २, १३, ८० अशी माळ दिसली तर गोंधळू नका. ते बायका बसून झाल्यावर पुरुषांना उरलेले प्रकार. पाच जोडप्यांसाठी २ × ५! × १३ = ३१२०.

---

तिफण

खुर्च्या जास्त आणि माणसं कमी असतील तर? १० खुर्च्यांची रांग, ४ माणसं, कुणी लागून नको.

---

पाटीपेन्सिल

रिकाम्या खुर्च्यांनाच ‘मुलगे’ समजा. ६ रिकाम्या खुर्च्या, ७ फटी, ४ फटी निवडा: ३५. माणसं वेगवेगळी, म्हणून × ४! = ८४०. रिकाम्या खुर्च्या मात्र सारख्याच, त्यांना ६! ने गुणू नका. नेहमी होणारी चूक आहे.

खुर्च्या गोलात, क्रमांक घातलेल्या: एक खुर्ची धरून दोन भाग करा. ती रिकामी असेल तर उरलेल्या ९ ची रांग उरते, तीत ४ माणसं: ५ रिकाम्या, ६ फटी, १५ प्रकार. ती भरलेली असेल तर तिच्या दोन्ही शेजारच्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. उरल्या ७, त्यात ३ माणसं: ४ रिकाम्या, ५ फटी, १० प्रकार. एकूण २५, × २४ = ६००.

दोघांत निदान दोन खुर्च्या मोकळ्या हव्यात, १० खुर्च्या, ३ माणसं: शेवटच्या माणसाखेरीज प्रत्येकामागे दोन खुर्च्या बांधून टाका, म्हणजे ४ गेल्या, उरल्या ६, त्यातून ३ निवडा. २० × ६ = १२०. फक्त शेवटच्या माणसामागे खुर्च्या बांधू नका, नाहीतर टोकाची जागा विनाकारण वाया जाते आणि ६ ऐवजी ४ मधून ३ निवडले जातात.

---

हिशेबनीस

या सगळ्याचा परीक्षा-वर्गात थेट उपयोग होतो. प्रश्नपत्रिकेचे चार संच, ए बी सी डी. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि तिरकस, अशा आठही शेजाऱ्यांत तोच संच नको. इथे किती प्रकार ते मोजायचं नसून एक चालणारी मांडणी हवी असते.

सगळेजण करतात ती मांडणी अशी: पहिली ओळ ए बी सी डी, दुसरी ओळ एकाने सरकवून बी सी डी ए. पुढे-मागे ठीक, आडवं ठीक, पण तिरकस सापडते. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्याचा बी आणि दुसऱ्या ओळीतल्या पहिल्याचा बी. दोनाने सरकवा:

ए बी सी डी ए बी
सी डी ए बी सी डी
ए बी सी डी ए बी

आता आठही दिशांना वेगळा संच. चार संचांत हे जमतं, तीनमध्ये नाही. कारण दोन गुणिले दोनच्या कुठल्याही चौकोनातले चौघे एकमेकांचे शेजारीच असतात.

गठ्ठा हातात घेऊन उभ्या रांगेने वाटत जाताना, ए बी सी डी असा क्रम न तोडता प्रत्येक रांग पुढून मागे वाटली, तर निकाल एका रांगेतल्या बाकांच्या संख्येवर ठरतो (एका बाकावर एकच जण धरून). चारने भागून बाकी २ (६ किंवा १० बाक): आठही दिशा सुरक्षित. बाकी ० (८ बाक): शेजारच्या रांगेत अगदी बाजूला तोच संच, सगळ्यात वाईट. बाकी १ किंवा ३ (५ किंवा ७ बाक): बाजू ठीक, एका तिरकस दिशेला तोच. आठ बाकांच्या रांगा असतील तर प्रत्येक नव्या रांगेच्या सुरुवातीला वरच्या दोन प्रती गठ्ठ्याच्या तळाशी टाकायच्या, काम झालं.

नागमोडी वाटलं (एक रांग पुढून मागे, दुसरी मागून पुढे) तर बाजूला तोच संच कधीच येत नाही. दोघांच्या क्रमांकातला फरक तिथे नेहमी विषम असतो. पण रांगेत तीन किंवा जास्त बाक असले की तिरकस हमखास येतो. म्हणून नागमोडी नकोच.

---

कोनमापक

हे भारी आहे. दोन प्रती खाली टाकायचं कुणी सांगतच नाही. हजेरी क्रमांकांची साखळीही सोडवून दाखवाल का? चार मुलांची रांग, लागोपाठचे क्रमांक लागून नकोत.

---

आडवातिडवा

चारजणांचं हाताने होतं. एकूण २४.

एक दुवा जोडला (१-२ किंवा २-३ किंवा ३-४): ३ × २ × ३! = ३६

दोन दुवे: १-२ आणि ३-४ सुटे, म्हणून दोन मोळ्या, ४ × २! = ८. पण १-२ आणि २-३ ही तिघांची एकच मोळी, आतले प्रकार फक्त २ (१-२-३ किंवा उलट), २ × २! = ४. तसंच २-३ आणि ३-४ चे ४. एकूण १६.

तीन दुवे: २

२४ − ३६ + १६ − २ = २. ते दोन म्हणजे २-४-१-३ आणि ३-१-४-२. दोन किंवा तीन मुलांना एकही प्रकार नाही. पाचांना १४, सहांना ९०, सातांना ६४६. नुसती एक रांग पाहिजे असेल तर आधी सगळे सम, मग सगळे विषम: २, ४, ६, १, ३, ५. सांध्यावर ६ आणि १, काही अडचण नाही.

---

हिशेबनीस

समारंभासाठी जोडपी वेगवेगळी बसवायची असतील आणि फक्त एक बैठक हवी असेल, तर मोजत बसण्यात अर्थ नाही. चिठ्ठ्या पिसून मांडा, एखादं जोडपं लागून आलं तर पुन्हा पिसा. रांगेत जोडपी कितीही असोत, लागून आलेल्या जोडप्यांची सरासरी बरोबर १ येते. त्यामुळे एकही लागून न येण्याची शक्यता तीन जोडप्यांना २४०/७२० म्हणजे ३३ टक्के, चारांना ३४, पुढे वाढत जाऊन ३७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सरासरी तीन पिसण्यांत काम होतं. एकाआड एक बायका-पुरुष ही अट पिसण्यावर सोडू नका. ते आधी ठरवून बायकांच्या आणि पुरुषांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिसा.

संगणकावर पडताळणी करणार असाल तर पायथॉनला सगळे क्रम काढायला लावून मोजता येतं, पण दहा माणसांपर्यंतच (३६,२८,८००). बाराला ४७ कोटींच्या वर जातं, मग चहा होऊन थंडही होईल.

---

तिफण

शेवटची शंका. बँकेच्या परीक्षांत मोजायला नसतं, कोण कुठे बसलंय ते शोधायचं असतं. तिथे ‘शेजारी नाही’ ही अट कशी वापरायची?

---

बाकावरून

नकाराच्या अटी मागे ठेवा, जागा पक्की करणाऱ्या आधी. नमुना: सहा जण गोल टेबलाभोवती, तोंडं मध्याकडे. क हा अ च्या बरोबर समोर. ड हा अ च्या लगेच डावीकडे. ब हा अ च्या शेजारी नाही. ई हा ब च्या शेजारी नाही आणि क च्याही शेजारी नाही. सहावा फ.

घड्याळाच्या दिशेने १ ते ६ जागा. अ ला १ वर बसवा. क मग ४ वर. मध्याकडे तोंड असताना डावा हात घड्याळाच्या दिशेला येतो, म्हणून ड २ वर. आता नकार. ब ला ६ वर्ज्य, म्हणून ३ किंवा ५. ब ५ वर ठेवला तर ई ला उरतात ३ आणि ६. ३ क ला लागून, ६ ब ला लागून. दोन्ही गेले. म्हणून ब ३ वर. ई ला ५ वर्ज्य (क शेजारी), म्हणून ६. फ ५ वर. क्रम: अ, ड, ब, क, फ, ई.

डावं-उजवं उलटं धरलं तरी सगळीकडे तसंच उलटं धरलंत तर डाव्या-उजव्याचं उत्तर बदलत नाही, फक्त चित्र आरशातलं येतं. घात होतो तो अर्ध्यात दिशा बदलली, किंवा अटीतच ‘घड्याळाच्या दिशेने तिसरा’ असं असलं तर. काहींची तोंडं बाहेर असतील तर प्रत्येक नावापुढे बाण काढा आणि डावं-उजवं त्या बाणावरूनच ठरवा.

---

कोनमापक

आठ बाकांच्या वर्गाचं कागदावर करून बघितलं. दोन प्रती खाली टाकल्या की पहिली रांग ए ने सुरू होते, दुसरी सी ने, तिसरी पुन्हा ए ने. तिरकसही कुठे जुळत नाही. सात बाकांच्या रांगांना किती प्रती टाकायच्या?

---

हिशेबनीस

तीन. सातनंतर पुढची प्रत डी असते, आपल्याला सी हवी, म्हणजे डी, ए, बी खाली. पाच बाकांना एकच, बी.